ए. जी. नूरानी : वकिलाने कायद्यावर लिहावं ते कसं?

सनदधारी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

गेली अकरा वर्षं साताऱ्यात वकिली करतेय. काम बहुतेक दिवाणी: वाटप, वहिवाट, बांध, विहिरीतला हिस्सा. मागच्या वर्षी एका दैनिकाने वडिलोपार्जित जमिनीतल्या मुलींच्या हक्कावर लेख मागितला. मी हौसेने सातशे शब्द लिहून दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा धरला, २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेलं वाटप आता उकरून काढता येत नाही, असा सरळ मजकूर. छापून आलं तेव्हा मथळा होता, 'जुन्या वाटपात मुलींना जमीन नाहीच!' आणि मजकुरातला 'रीतसर' हा शब्द जागेअभावी उडालेला. सोमवारी सकाळी दोन भाऊ पेढे घेऊन ऑफिसात हजर. त्यांचं 'जुनं वाटप' म्हणजे चुलत्याने ओट्यावर बसून तोंडी सांगितलेलं. ना नोंदणी, ना कोर्टाचा हुकूमनामा. पेढे ठेवून घेतले, केस घेतली नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की वकिलाने सर्वसामान्यांसाठी लिहायचं तर ते नेमकं कसं. माझे सिनिअर वारले तेव्हा काकूंनी कपाटातले गठ्ठे मला दिले. त्यात इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक होते आणि अंकामागून अंकात एकाच सदरावर पेन्सिलीच्या खुणा. सदराचं नाव 'सिव्हिल लिबर्टीज', लेखक ए. जी. नूरानी.

नाव ऐकून होते, वाचलं नव्हतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अब्दुल गफूर नूरानी, जन्म १६ सप्टेंबर १९३०, मुंबई. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये शाळा, मग गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली. शेख अब्दुल्ला दीर्घकाळ स्थानबद्ध होते तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक. पहिलं मोठं पुस्तक काश्मीर प्रश्नावर, १९६४ चं. १९७३ साली मंत्र्यांच्या गैरवर्तनावर एक पुस्तक. मग भगतसिंगांचा खटला, बाबरी, कलम ३७०, हैदराबाद. जोडीला फ्रंटलाइन, स्टेट्समन आणि पाकिस्तानातल्या डॉनपर्यंत स्तंभलेखन. २९ ऑगस्ट २०२४ ला मुंबईतच गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून मोजलं तरी साठ वर्षांचा पल्ला.

गठ्ठा वाचताना जाणवलं ते असं की हा माणूस लेख लिहीत नाही, पेपरबुक (कोर्टापुढे ठेवायचा कागदांचा क्रमवार गठ्ठा) लावतो. आधी तारीख. मग त्या तारखेला कोण काय म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत. मग कलम. मग त्या कलमावर संविधान सभेत झालेली चर्चा. आणि एवढं झाल्यावर दोन ओळीत स्वतःचं मत, तेही बऱ्याचदा तिखट. आपण नेमकं उलटं करतो. मत आधी, कलम नंतर, तारीख जमलीच तर.

प्रश्न दोन. वकिली चालू ठेवून असं लेखन आज कुणाला जमेल का? आणि मराठीत जमेल का?

आडवाफणस

पेढे ठेवून घेतले हे आवडलं. बाकी नंतर वाचतो. वाचनखूण साठवली.

जुनीफाईल

ताई, मी चौतीस वर्षं कोर्टात काढली, शेवटी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. वकील कोण चांगला हे आम्ही भाषणावरून ओळखत नसू. नक्कल मागायला येणाऱ्या अर्जावरून ओळखत असू. ज्याला निशाणी क्रमांक (फाईलमधल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर) आणि रोजनाम्याची (रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) तारीख माहीत, तो वकील. ज्याचा अर्ज 'सदर प्रकरणातील सर्व कागद' असा, त्याला फाईलच ठाऊक नाही. तुम्ही नूरानींबद्दल जे लिहिलंय ते पहिल्या जातीचं.

एक शंका. पेपरातला माणूस निशाणी क्रमांक वाचेल का?

तळ्यात_मळ्यात

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. नूरानी अभ्यासू होते, मान्य. पण त्यांच्या लेखनाचा झुकाव लपलेला नव्हता. संघावर, सावरकरांवर, काश्मीरवर त्यांनी जे लिहिलं ते सरकारी वकिलाच्या नाही, फिर्यादीच्या वकिलाच्या आवेशाने. आपल्या बाजूचे कागद ठासून मांडायचे आणि समोरच्याचे जेमतेम. त्यांना 'आदर्श' म्हणून पुढे ठेवताना हे सांगायला हवं होतं. शिवाय ज्या शेख अब्दुल्लांचं वकीलपत्र घेतलं त्यांच्याच प्रश्नावर पुस्तकं लिहायची, हे कितपत बरोबर?

सनदधारी

राग कसला. आदर्श हा शब्द मी वापरलेला नाही, परत वाचा :)

झुकाव होता, आणि तो पहिल्याच परिच्छेदात कळतो. मला त्यात अडचण वाटत नाही, कारण कागद ते समोर ठेवतात. म्हणजे तुम्ही त्यांच्याच पुराव्यावरून त्यांची उलटतपासणी घेऊ शकता. कलम ३७० वरचं त्यांचं २०११ चं पुस्तक घ्या. त्याचा बराचसा भाग मूळ दस्तऐवज आहे. भूमिका अशी, की ३७०(३) खाली ते कलम काढायचं तर जम्मू-काश्मीरच्या संविधान सभेची शिफारस लागते, आणि ती सभा तर १९५७ च्या जानेवारीतच संपली. मग शिफारस करणार कोण? म्हणजे दार कायमचं बंद. ११ डिसेंबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे एकमताने नाकारलं. कलम तात्पुरतंच होतं, सभा संपली म्हणून राष्ट्रपतींचा अधिकार संपत नाही, असं ठरलं. पण त्याच निकालात, कलम ३६७ च्या (संविधानातल्या शब्दांचा अर्थ लावण्याच्या कलमाच्या) आडून ३७० मध्ये बदल करण्याचा मार्ग न्यायालयाने चुकीचा ठरवलाय. ही बारीक गोष्ट किती वर्तमानपत्रांत आली? नूरानींचे दस्तऐवज हाताशी असले की ती लगेच दिसते. ते दावा हरले, पण त्यांची फाईल कामाची राहिली.

अशिलाच्या प्रश्नावर लिहिण्याबद्दल मात्र तुमचा मुद्दा खरा आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही हे पुरावा कायद्यातच आहे, पूर्वी कलम १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२. पण उघड कागदांवर लिहायला ते कलम आडवं येत नाही. तिथे निदान 'मी यांचा वकील होतो' एवढं वाचकाला सांगावं असं मला वाटतं.

तळ्यात_मळ्यात

'दावा हरले, फाईल कामाची राहिली'. ठीक आहे, इतपत मान्य. सावरकरांवर वेगळा धागा काढू, इथे नको.

संपादक_मंडळ

कृपया नकोच.

भीमाकाठी

मी खेडचा, म्हणजे राजगुरुनगरचा. त्यामुळे नूरानींचं मला माहीत असलेलं एकच पुस्तक म्हणजे भगतसिंगांच्या खटल्यावरचं, १९९६ चं. आमच्या गावात २३ मार्चला दरवर्षी कार्यक्रम होतो, भाषणं होतात, पोवाडे होतात. पण राजगुरूंना फाशी देणारं कोर्ट नेमकं कसलं होतं हे त्या भाषणांत मी कधी ऐकलं नव्हतं. ते या पुस्तकाने कळलं.

थोडं विस्ताराने लिहितो, कारण वकिलाच्या नजरेने इतिहास वाचला की काय दिसतं त्याचा हा नमुना आहे. लाहोर कटाचा खटला १९२९ च्या जुलैत मॅजिस्ट्रेटपुढे सुरू झाला. आरोपी उपोषणावर, कामकाज रेंगाळलेलं. सरकारने आधी विधेयक आणलं की आरोपी गैरहजर असला तरी खटला चालवता यावा. त्यावर सप्टेंबर १९२९ मध्ये केंद्रीय विधिमंडळात कडाडून विरोध करणाऱ्यांत जिना होते, आणि त्यांचं ते भाषण लोकांच्या विस्मरणातून वर काढण्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे. विधेयक जमलं नाही, तेव्हा व्हाइसरॉय आयर्विनने १ मे १९३० ला थेट अध्यादेश काढला. तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण. उच्च न्यायालयात अपील नाही. अध्यादेशाचं आयुष्य सहा महिने, म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत निकाल लावलाच पाहिजे.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे कसली. १२ मे ला कोर्टातच आरोपींना बेड्या घालून मारहाण झाली. तिघांपैकी न्यायमूर्ती आगा हैदर यांनी नोंदवून ठेवलं की या आदेशात माझा सहभाग नाही. २१ जूनला न्यायाधिकरणाची फेररचना झाली आणि आगा हैदर त्यातून बाहेर! पुढे आरोपी कोर्टात नाहीत, त्यांच्या बाजूने उलटतपास नाही, साक्षीदारांमागून साक्षीदार येऊन जातायत. ७ ऑक्टोबरला निकाल, भगतसिंग, राजगुरू, सुखदेव तिघांना फाशी. अध्यादेशाची मुदत संपायला तीन-साडेतीन आठवडे बाकी.

पोवाड्यात हे बसत नाही. पण मला विचाराल तर खरा राग हे वाचून येतो. बंदुकीपेक्षा त्या मुदतीचा.

मृण्मयी_पी

भीमाकाठी, काय सुंदर लिहिलंत. 'मुदतीचा राग' हे वकिलांनाच कळेल. आम्हाला रोज येतो.

फोंडेकार

आता थोडं कोरडं. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाला, की वकिली चालू ठेवून लिहिता येतं का. मी गोव्यात वकिली करतो, आपली बार कौन्सिल (वकिलांची नियामक संस्था) एकच, महाराष्ट्र आणि गोवा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ४७ ते ५२ हे नियम 'इतर व्यवसाय' या विषयाचे. पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. स्वतः धंदा चालवणं चालत नाही. पण नियम ५१ वाचा. संसदेतल्या विधेयकांचं मोबदला घेऊन परीक्षण, कायद्याच्या पुस्तकांचं पगारी संपादन, वर्तमानपत्रासाठी मजकूर कायद्याच्या दृष्टीने तपासून देणं, विद्यार्थ्यांना शिकवणं, पेपर काढणं-तपासणं हे सगळं चालतं. शिवाय नभोवाणी, पत्रकारिता, व्याख्यानं हेही, फक्त जाहिरात होता कामा नये आणि पूर्णवेळ नोकरी होता कामा नये.

जाहिरातीचा नियम ३६. लेखाखाली 'संपर्कासाठी' म्हणून मोबाइल नंबर छापलात की संपलं. इतकंच काय, तुम्ही ज्या प्रकरणात उभे राहिलात त्याच्या बातमीत स्वतःचा फोटो छापून आणणंही त्यात येतं. समाजमाध्यमांवर रील टाकणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी हा नियम एकदा तरी वाचावा.

पूर्णवेळ कशाला म्हणायचं यावर आपल्याकडचाच एक निकाल आहे, १९९६ चा. मुंबईचे डॉ. हनिराज चुलानी, पेशाने डॉक्टर, त्यांना सनद (वकिलीचा परवाना) हवी होती आणि दवाखानाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोन्ही नाही. वकिली हे पूर्ण वेळ मागणारं काम आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातून एक प्रकरण आलं त्यात वकील पत्रकार म्हणूनही काम करत होता. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने बार कौन्सिलला विचारलं, हे चालतं का? कौन्सिलने सांगितलं, पूर्णवेळ पत्रकारिता चालत नाही. त्या वकिलाने मग पत्रकारिता सोडतो असं न्यायालयाला सांगितलं.

तर ताई, नूरानींसारखं स्तंभलेखन बसतं. दैनिकाच्या कायदा-प्रतिनिधीची पगारी नोकरी घ्यायची तर सनद स्थगित करून घ्या.

तारीख_पे_तारीख

आणि पैसे? कुणीच पैशाचं बोलत नाही. मी एका साप्ताहिकात वर्षभर लिहिलं. मानधनाचा धनादेश आला तो दिवाळी अंकाच्या जाहिरातीतून वळता करून घेतला गेला. म्हणजे मीच त्यांना साडेतीनशे देणं लागत होतो.

आडवाफणस

लोल. दावा लावा. मुदत तीन वर्षं.

सनदधारी

पैशाचं खरं आहे. स्तंभावर घर चालत नाही, आणि माझ्या मते चालूही नये. रोज बोर्डावर उभं राहिलं की विषय आपोआप मिळतात, शिवाय आपण लिहिलेलं कलम उद्या न्यायाधीशांसमोर म्हणायची वेळ येऊ शकते ही भीती पाठीशी असते. ती भीती गेली की लेखन सैल पडतं. पूर्ण वेळ लिहिणारे कायदेपंडित वाचून बघा, त्यांना कधी स्थगिती नाकारलेली नसते.

मृण्मयी_पी

अवमानाची भीती विसरलात. तालुका कोर्टात वकिली करायची आणि त्याच न्यायाधीशांच्या निकालावर रविवारी लिहायचं, धाडस लागतं हो.

कायदा तितका वाईट नाही खरं तर. १९७१ च्या अवमान कायद्यात कलम ४ प्रमाणे कामकाजाचा प्रामाणिक, अचूक वृत्तांत हा अवमान नाही. कलम ५ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणावर वाजवी टीका हा अवमान नाही. २००६ नंतर, जनहितार्थ आणि प्रामाणिकपणे मांडलेलं सत्य हा बचावही घेता येतो. वृत्तांतावर बंदी मात्र वेगळी: बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापली तर पूर्वी भादंवि २२८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३. इथे 'गाव आणि आडनाव नाही लिहिलं, फक्त वडिलांचा धंदा लिहिला' असली सबब चालत नाही, लहान गावात तेवढ्याने ओळख पटते.

मुंबईचे दोन जुने किस्से मला फार आवडतात. एक गांधीजींचा. बॅरिस्टर आणि संपादक दोन्ही! अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या वकिलांविरुद्ध उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. गांधीजींनी ते ६ ऑगस्ट १९१९ च्या यंग इंडियात सरळ छापलं, टिप्पणीसह. मुंबई उच्च न्यायालयाने माफी मागायला सांगितलं, यांनी मागितली नाही. मार्च १९२० मध्ये अवमान सिद्ध, शिक्षा काय तर कडक समज.

दुसरा १९६४ चा. ब्लिट्झ साप्ताहिकावर तीन लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा चालू होता, न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यापुढे. एक साक्षीदार म्हणाला, माझी साक्ष छापली तर धंद्याला फटका बसतो. तारकुंडेंनी तोंडी आदेश दिला, साक्ष छापू नका. ब्लिट्झचे बातमीदार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींपैकी आठ जण विरोधात. फक्त हिदायतुल्ला वेगळं बोलले. आणि पुढे हेच तारकुंडे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे मोठे नेते झाले! तोंडी आदेशाबद्दल त्यांना नंतर काय वाटलं असेल, मला कायम कुतूहल आहे.

भीमाकाठी

टिळक राहिलेच की. १९०८ मध्ये त्यांचा जामीन अर्ज जिनांनी मांडला, न्या. दावर यांनी फेटाळला. आणि १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील कोण? हेच दावर! १९१६ ला जिनांनीच टिळकांवरचा जामीनकतबा (चांगल्या वर्तणुकीच्या हमीचा हुकूम) उच्च न्यायालयात रद्द करून घेतला. जिना आणि टिळक यांच्यावर नूरानींचं अख्खं पुस्तक आहे, २०१० चं.

ऑरेंज_सिटी

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेल का? मराठीत जमेल का?

कायद्याचं छापील साहित्य आपल्या मातीत कमी नाही. ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे देशभरचे वकील ज्याला 'एआयआर' म्हणतात, ते आमच्या नागपुरातून निघतं, व्ही. व्ही. चितळे या मराठी वकिलाने १९२२ साली सुरू केलेलं. पण ते सगळं इंग्रजीत, आणि वकिलांसाठी. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी. तरीही वाचकाला समजेल असं निकालाबद्दलचं मराठी दुर्मीळ.

दोष शब्दांचा आहे असं म्हणतात, मला पटत नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. पण खरं सांगू का, पक्षकार कोशातले शब्द बोलतच नाही. तो म्हणतो 'स्टे आणला', 'तारीख पडली', 'कोर्टाने उडवलं', 'साहेबांनी म्हणणं मागितलं'. या मराठीत लिहा ना. 'अंतरिम मनाई हुकूम' एकदा लिहा, पुढे 'स्टे' चालेल.

निकालपत्रातला उतारा छापायला कुणाची परवानगी लागत नाही, हेही नवख्यांना माहीत नसतं. न्यायालयाचा निकाल छापणं म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. मात्र नियतकालिकाच्या संपादकाने केलेली हेडनोट (निकालाच्या वर दिलेला सारांश) उचलू नका, ती त्याची असते. २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात हा फरक आलाय.

जुनीफाईल

स्टे वरून आठवलं. एक म्हातारे पक्षकार दर तारखेला विचारायचे, 'साहेब, मनाई कधी उठणार?' मी म्हणायचो, 'बाबा, मनाई तुमच्याच बाजूची आहे, ती उठली तर तुमचंच नुकसान.' सहा वर्षं त्यांना वाटत होतं की मनाई त्यांच्यावर आहे. कुणीतरी सोप्या मराठीत एक पान लिहून दिलं असतं तर म्हातारा सहा वर्षं शांत झोपला असता.

सनदधारी

काका, हे वाचून पेन उचललं. मुलींच्या हक्काचा तोच लेख परत लिहायला घेतलाय, या वेळी तारीख आधी. सुरुवात अशी:

'२० डिसेंबर २००४. या तारखेच्या आधी तुमच्या घरात वाटप झालं असेल आणि ते नोंदवलेलं असेल, किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालं असेल, तर बहिणीला ते आता मोडता येणार नाही. ओट्यावर, देवासमोर, पंचांसमोर तोंडी झालं असेल, तर पुढे वाचा.'

सांगा, कुठे अडतं.

फोंडेकार

'नोंदवलेलं' यावर अडतं. तलाठ्याकडे फेरफार नोंदवला म्हणजे झालं, असं शंभरातले नव्वद जण समजतील. 'दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेल्या दस्ताने' असं लिहा. आणि तोंडी वाटप अगदीच बाद नाही, भक्कम सरकारी कागदांचा पुरावा असला तर अपवादाने कोर्ट मानतं, त्याच निकालात आहे. ते पहिल्या परिच्छेदात घालू नका, पण गाळूही नका.

तारीख_पे_तारीख

आणि मथळा स्वतःच देऊन टाका. नाहीतर परत पेढे येतील.